हात पुन्हा गिरवू लागला

आपल्याकडे म्हणतात, "त्याच्या अंगावरून वारं गेलं." कोणी लकवा म्हणतात. पुस्तकात याला अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतात. नावे तीन-चार, आजार एकच.

चालता-बोलता माणूस एका घटकेत बाजेवर पडतो. हात उचलत नाही. पाय टेकत नाही. बोलणे बोबडे होते. मग घरचे म्हणतात, "झालं, आता बसून खायचं."

हे म्हणणे बरोबर नाही. गेलेला हात पुष्कळ वेळा पुन्हा शिकतो. कधी थोडा शिकतो, कधी बराच शिकतो. त्याला शिकवायला मोठी यंत्रेच लागतात असे नाही. घराच्या परसातली माती, चार वाफे आणि रोजचा नेम यांनी बरेच काम होते. ही ऐकीव गोष्ट नाही. मी शाळेत मुख्याध्यापक होतो. निवृत्त झाल्यावर मला स्वतःला हा आजार झाला. म्हणून सांगतो.

त्या सकाळी काय झाले

जून महिना होता. मृगाचा पाऊस पडून गेला होता. सकाळी तोंड धुवायला बसलो, तो उजव्या हातातला तांब्या निसटला. उचलायला गेलो, तर हात उठेना. पत्नीला हाक मारली, तर शब्द फुटेना. नुसता आवाज निघाला. ती धावत आली. माझे तोंड एका बाजूला ओढलेले पाहून घाबरली.

शेजारपाजारचे जमले. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. एकाने हाताला तेल चोळले. एका माउलीने चहा पाजला. तो श्वासनळीत गेला आणि माझा जीव गुदमरला. कोणी म्हणाले, "पलीकडच्या गावात लकव्याचं औषध देतात, तिकडं न्या." सगळे माझ्या भल्यासाठीच करीत होते. पण यातच सकाळ गेली. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तीन तास आधी आला असता, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं."

त्या तीन तासांची किंमत मी पुढे दीड वर्ष मोजली.

डोक्यात काय बिघडते?

शेतातली ठिबकची नळी तुम्ही पाहिली आहे. नळीत कचरा अडकला, तर पुढच्या झाडांना पाणी मिळत नाही. ती सुकतात. नळी फुटली, तर पाणी एकाच जागी साचते. पुढची झाडे तरीही सुकतात.

मेंदूचे तसेच आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. एखाद्या नळीत रक्ताची गुठळी अडकते, किंवा नळी फुटते. मेंदूच्या त्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो मरू लागतो. बहुतेक रोग्यांना हा आजार गुठळीने होतो. काहींना नळी फुटून होतो.

मेंदूचा डावा भाग उजवे अंग हलवतो. उजवा भाग डावे अंग हलवतो. बोलण्याची जागा बहुतेक माणसांच्या डाव्या भागात असते. म्हणून माझा उजवा हात गेला आणि बोलणेही गेले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. माझ्या हाताला काही झाले नव्हते. हाताला हुकूम देणारा मेंदूचा भाग गेला होता. म्हणून हाताला कितीही तेल चोळले, तरी आजार तेलाने जात नाही.

हा आजार वाऱ्याने होत नाही. करणीनेही होत नाही. वाढलेला रक्तदाब हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मधुमेह, तंबाखू, विडी, दारू आणि हृदयाचे अनियमित ठोके हीही कारणे आहेत. मला रक्तदाब होता. गोळ्या चालू होत्या. बरे वाटते म्हणून मी त्या बंद केल्या होत्या. ती चूक माझी.

पहिले काम : वेळ वाचवा

बागेची गोष्ट पुढे येईल. आधी जीव वाचला पाहिजे. तीन खुणा पाठ करा : तोंड, हात, बोलणे.

हसायला सांगा. तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली येतो का? एक वाक्य बोलायला सांगा. बोलणे अडखळते का? एकाएकी तोल गेला किंवा एकाएकी दिसेनासे झाले, तर तीही खूणच समजा.

यांतली एक जरी खूण दिसली, तरी लगेच 108 नंबरला फोन करा. गाडी फुकट येते. जिथे डोक्याचा सी.टी. स्कॅन होतो, अशाच दवाखान्यात न्यायला सांगा. आपल्या जिल्ह्यात बीडला जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जितके लवकर, तितके चांगले.

रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. तुम्हाला आता लिहिता येते. ती एक ओळ माणसाचा हात-पाय वाचवू शकते.

पाणी, चहा, औषध, काहीही पाजू नका. रोग्याला कुशीवर निजवा. आपल्या मनाने कसलीही गोळी देऊ नका. गुठळी आहे की नळी फुटली आहे, हे स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला घातक होते.

अंगठा

बारा दिवसांनी मी घरी आलो. काठी धरून थोडे चालता येत होते. उजवा हात मात्र लोंबत होता. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम शिकवला होता : मूठ वळा, मूठ उघडा, हात उचला. मी आठ दिवस केला. मग कंटाळलो. बाजेवर पडून आढ्याकडे पाहत राहिलो. असे पाच महिने गेले.

नोव्हेंबर महिन्यात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुलाने मला बँकेत नेले. कारकुनाने कागद पुढे केला. मी पेन धरायला गेलो, तो पेन खाली पडले. त्याने अदबीने शाईची पेटी पुढे सरकवली. मी डाव्या हाताचा अंगठा उठवला.

अंगठा उठवणे हा काही गुन्हा नाही. पण गावातल्या शेकडो पोरांना मी सही करायला शिकवले होते. घरी आलो आणि जेवलो नाही.

मेंदू पुन्हा कसा शिकतो?

तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात. आठवा. पहिल्या दिवशी 'ग' कसा निघाला होता? वाकडा, थरथरता. तुम्ही तो गिरवला. दहा वेळा, शंभर वेळा. मग एके दिवशी न बघता निघाला. तुमचा हात तोच होता. मेंदूत नवी वाट पडली होती.

आजारी मेंदूचेही तसेच आहे. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण शेजारचे भाग त्याचे काही काम शिकून घेतात. त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणजे हाताला गिरवायला लावावे लागते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मेंदू सर्वांत जलद शिकतो. पुढेही शिकतो, पण सावकाश. ते पाच महिने मी आढ्याकडे बघत घालवले. तुम्ही घालवू नका.

घमेल्यातली माती

बँकेतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पत्नीने घमेलेभर माती माझ्यापुढे आणून ठेवली. म्हणाली, "अहो, बसल्या बसल्या एवढी ढेकळं तरी फोडा. मला मेथी टाकायचीय."

मला राग आला. मी डाव्या हाताने एक ढेकूळ फोडले.

ती म्हणाली, "डाव्यानं नको. ज्याला येत नाही, त्यालाच शिकवायचं असतं. तुम्हीच म्हणायचे ना शाळेत?"

यावर मी काय बोलणार? त्या दिवशी उजव्या हाताने तीन ढेकळे फुटली. तीही डाव्या हाताने उजव्यावर दाब दिला तेव्हा. आठ दिवसांनी निम्मे घमेले होऊ लागले. ती माझी पहिली यत्ता.

दुसरी यत्ता बियांची. आधी वालाचे मोठे बी घेतले. मूठ वळणे सोपे असते. बी सोडायला बोटे उघडावी लागतात, तेच अवघड असते. वालाचे बी चिमटीत धरायचे, खड्ड्यात सोडायचे. मग भेंडीचे बी. मग मेथीचे. कोथिंबिरीसाठी धने रगडून त्यांच्या दोन फाकी करतात. ते काम माझ्याकडे आले. तळहाताखाली धने रगडताना मनगट मोकळे होऊ लागले.

मेथी मी स्वतः फेकली. पाच-सहा दिवसांनी उगवली. कुठे नुसते झुबके, कुठे मोकळे रान. माझ्या हाताचे अक्षरच ते. नात बघून हसली. मीही हसलो. आजारानंतर पहिल्यांदा हसलो.

तिसरी यत्ता पाण्याची. पाव तांब्या पाणी घेऊन रोपाच्या आळ्यात ओतायचे. मग अर्धा तांब्या. न सांडता ओतणे ही मोठी परीक्षा असते. आपल्याकडे पाण्याची टंचाई. म्हणून भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी आम्ही त्यासाठी राखून ठेवीत असू.

चौथी यत्ता उभे राहण्याची. मुलाने ओट्याशेजारी एक मजबूत खांब पुरला. जुनी टोपली मातीने भरून ओट्यावर ठेवली. डाव्या हाताने खांब धरून मी उभा राहायचो आणि उजव्या हाताने माती उकरायचो. कमरेत वाकावे लागत नव्हते. याने तोल सुधारला.

पाचवी यत्ता तोडणीची. उन्हाळ्यात गवार आली. गवारीची एकेक शेंग चिमटीत धरून तोडावी लागते. शंभर शेंगा म्हणजे शंभर वेळा चिमूट. कोणी मला रोज शंभर वेळा चिमूट करा म्हटले असते, तर मी केली नसती. पण भाजीला शेंगा हव्या होत्या, म्हणून केली.

बागेचा खरा फायदा हाच. व्यायाम टाळता येतो. रोप मात्र पाण्यासाठी वाट बघत असते. आणि केलेले काम डोळ्यांना दिसते.

बोलणेही बागेत सुधारले. नात भाजीवर बोट ठेवायची आणि विचारायची, "आजोबा, हे काय?" मी म्हणायचो, "वा... वांगं." शब्द सापडेपर्यंत ती थांबायची. मध्येच सांगून टाकायची नाही. पोर लहान, पण शिकवण्याची रीत तिला बरोबर कळली होती.

कोणाचे डावे अंग गेले असेल, तर आणखी एक गोष्ट बघा. अशा काही रोग्यांचे डावीकडच्या वस्तूंकडे ध्यानच जात नाही. ताटातली डावीकडची भाकरीही राहून जाते. त्यांची रोपे मुद्दाम डाव्या बाजूला ठेवा. तिकडे बघायची सवय लागते.

हे शास्त्र आहे

कोणाला वाटेल, हा घरगुती टोटका आहे. तसे नाही. रोजच्या कामातून रोग्याला उभे करण्याचे एक शास्त्र आहे. त्याला व्यवसायोपचार म्हणतात. आपल्या देशात या शास्त्राची पहिली शाळा 1950 साली मुंबईला के.ई.एम. रुग्णालयात निघाली. ती कमलाबाई निंबकर यांनी काढली. त्या मूळच्या अमेरिकेच्या. लग्न करून त्या निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. रोग्याला नुसते औषध देऊन घरी पाठवू नये, त्याला त्याचे काम पुन्हा करता आले पाहिजे, हे या शास्त्राचे सांगणे आहे. आपल्या शेतकऱ्याचे काम मातीत. मग त्याचा हात मातीतच शिकणार.

पण बाग म्हणजे औषध नव्हे. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर घ्यायच्या. फिजिओथेरपीचा व्यायामही करायचा. बाग ही त्याच्या जोडीला.

सांभाळून करा

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मग एवढी पथ्ये पाळा.

काम सकाळी ऊन चढण्याआधी करा. आधी दहा मिनिटे, मग हळूहळू वाढवा. थकवा आला की थांबा.

गेलेल्या हाताला पुष्कळदा चटका, काटा, धार कळत नाही. म्हणून विळा-कोयता देऊ नका. बोथट खुरपे द्या. काम झाल्यावर हात धुऊन नीट बघा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर लहान जखमेचेही रक्त लवकर थांबत नाही. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. थांबले नाही, तर दवाखान्यात जा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे ना, ते बघा.

पायात मागून बंद असलेली चप्पल किंवा बूट असावा. ओल्या चिखलात जाऊ नये. काठी चांगल्या हातात धरावी. सोबतच्या माणसाने गेलेल्या बाजूला उभे राहावे. गेलेला हात धरून रोग्याला कधीही ओढून उठवू नका. खांदा निखळतो.

पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. विंचू-काटा असतो. फवारणीच्या औषधाला रोग्याने हात लावू नये.

आणि घरच्यांनी घाई करू नये. त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. एक बी पेरायला त्याला पाच मिनिटे लागली, तरी लागू द्या.

मनाचे काय?

या आजारात मनही आजारी पडते. साधारण तिघांतल्या एका रोग्याला उदासी येते. तो रडतो, चिडतो, जेवत नाही. त्याला "नाटकं करतो" म्हणू नका. डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहे. मातीत बसून माणसांशी बोलल्याने माझे मन हलके झाले. पण नुसत्या बागेने झाले नाही, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका.

लुई पाश्चर हे फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ. 1868 साली, वयाच्या 45व्या वर्षी, त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. त्यांचे डावे अंग पुढे कधीच पूर्ण बरे झाले नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची त्यांची लस 1885 साली एका मुलाला टोचली, आणि तो वाचला. म्हणजे ते काम त्यांनी आजारानंतर केले.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनो

आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर घरेच्या घरे रिकामी होतात. धडधाकट माणसे कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागे म्हातारी माणसे आणि लेकरे राहतात. अशा घरात रोगी असेल, तर जाण्याआधी चार कामे करा. गोळ्यांची सोय लावा. परसात एक खांब पुरा आणि दोन वाफे ओट्याजवळ करा. शेजारच्या एका माणसाला रोज बघायला सांगा. आणि भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत 108 लिहा. खाली तीन शब्द लिहा : तोंड, हात, बोलणे. एकदा झालेला हा आजार पुन्हा होऊ शकतो.

आणखी एक नोव्हेंबर

वर्ष फिरले. पुन्हा नोव्हेंबर आला. मी पुन्हा बँकेत गेलो, पण मुलाला बाहेर थांबायला सांगितले. कारकून तोच होता. त्याने शाईची पेटी काढली. मी म्हटले, "राहू द्या. पेन द्या."

सही करायला वेळ लागला. मागे माणसे उभी होती, पण कोणी बोलले नाही. अक्षर वाकडे आले. पहिलीतल्या पोराचे येते तसे. कारकुनाने जुन्या सहीशी ताडून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, जुळत नाही. पण तुम्ही माझ्यासमोर केलीत. नवा नमुना घेऊ."

माझा हात पहिल्यासारखा झालेला नाही. सदऱ्याचे वरचे बटण अजून पत्नी लावते. पण भाकरी मी उजव्या हाताने मोडतो, आणि परसातली मेथी आता बरीच सारखी उगवते.

तुमच्या गल्लीत कोणी बाजेवर पडून आढ्याकडे बघत असेल. उद्या सकाळी त्याच्याकडे जा. हा पाठ त्याला वाचून दाखवा. आणि जाताना घमेलेभर माती घेऊन जा.